झाकण उघडले, पुढे?

डेस्कटॉप संगणक स्वतः जोडावा की नामांकित कंपनीचा तयार घ्यावा, हा वाद निघाला की तो लगेच पैशांवर येतो आणि तिथेच रुतून बसतो. जोडणारा सांगतो की त्याच रकमेत आपल्याला दुप्पट रॅम मिळाली. तयार घेणारा विचारतो की तुझे दोन रविवार त्यात गेले, त्यांचा हिशेब कुठे मांडलास. दोघांचेही खरे असते. मोठ्या कंपन्या सुटे भाग घाऊक उचलतात, त्यामुळे पत्रव्यवहार आणि हिशेबापुरता लागणारा साधा तयार संगणक पुष्कळदा जोडलेल्यापेक्षा स्वस्त पडतो, शिवाय विंडोजचा परवाना त्यातच आलेला असतो. महागड्या श्रेणीत मात्र गणित उलटते. तिथे मूळ यंत्रापेक्षा वरच्या पायऱ्या महाग असतात: रॅम थोडी वाढवा, साठवण दुप्पट करा, की प्रत्येक पायरीला वाढणाऱ्या रकमेचा सुट्या भागाच्या बाजारभावाशी फारसा ताळमेळ उरत नाही. आणि ती पायरी खरेदीच्या दिवशीच चढावी लागते, कारण पुढे चढण्याची सोय बहुधा ठेवलेलीच नसते.

किमतीपेक्षा मला ही शेवटची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. यंत्र विकत घेतल्यानंतर त्यात काय बदलायचे, कधी बदलायचे आणि कोणाकडून बदलून घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे येतो की विकणाऱ्याकडेच राहतो, हा मूळ प्रश्न आहे. स्वतः जोडलेल्या संगणकाची बाजू घ्यायची तर ती या मुद्द्यावर घ्यावी, बचतीच्या मुद्द्यावर घेऊ नये. बचत आज असते, उद्या नसते.

काही वर्षांपूर्वी माझ्या घरचा एका नामांकित कंपनीचा डेस्कटॉप, सहा वर्षे विनातक्रार चालल्यानंतर, एके दिवशी बटण दाबल्यावर हूं की चूं न करता गप्प बसला. पंखा फिरेना, मदरबोर्डवरचा, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरचा, बारीक दिवा लागेना, आणि मागच्या जाळीपाशी नाक नेले तर किंचित जळका वास. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, गेला, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. संगणकातला सर्वांत सहज बदलता येणारा भाग हाच, असे समजून मी झाकण काढले आणि तिथेच थबकलो. मदरबोर्डला वीज देणारा जो जोड २४ पिनांचा असायला हवा होता, तो सहाच पिनांचा होता. एसएमपीएसची पेटी नेहमीपेक्षा अरुंद आणि लांबट होती, तिच्या स्क्रूंची भोके बाजारातल्या कोणत्याही पेटीशी जुळणारी नव्हती. कंपनीने त्या मॉडेलचे सुटे भाग ठेवणे थांबवले होते. मग मदरबोर्डच बदलावा म्हटले, तर प्रमाणित मदरबोर्डची भोके त्या कॅबिनेटला बसत नव्हती, आणि समोरच्या बटणाच्या तारा एकाच विचित्र आकाराच्या जोडात गुंफलेल्या होत्या. म्हणजे कॅबिनेटही नवे. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क ठणठणीत असताना एका एसएमपीएसपायी बाकीचे सारे यंत्र निकामी ठरले.

कंपनीच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जुन्या पद्धतीचा एसएमपीएस ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे वेगवेगळे दाब तयार करून मदरबोर्डला पुरवतो. यंत्र नुसते चालू राहून फारसे काम करत नसेल तेव्हा या खटाटोपात वीज वाया जाते. फक्त १२ व्होल्ट पुरवून बाकीचे दाब मदरबोर्डवरच तयार केले, तर ही नासाडी कमी होते. तांत्रिकदृष्ट्या निर्णय शहाणपणाचा होता. खटकले ते इतकेच, की तो प्रत्येक कंपनीने आपापल्या आकारात, आपापल्या जोडाने अमलात आणला. याच कल्पनेचे एटीएक्स-१२-व्हीओ नावाचे प्रमाण इंटेलने पुढे २०२० च्या सुमारास सर्वांसाठी मांडले, त्यात दहा पिनांचा एकच ठरलेला जोड आहे. वीजबचत आणि मोकळे प्रमाण एकत्र नांदू शकतात, हे त्यावरून दिसते.

मुळात स्वतः संगणक जोडता येतो ही सोय कोणी उपकार म्हणून दिलेली नाही. ती जवळजवळ अपघाताने हाती आली आणि नंतर भांडून टिकवावी लागली. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा तो लवकर तयार व्हावा म्हणून बाजारात उपलब्ध असलेलेच भाग वापरले: इंटेलचा ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर, मायक्रोसॉफ्टची कार्यप्रणाली, बाहेरून घेतलेले फ्लॉपी ड्राइव्ह. इतरांनी त्यासाठी कार्डे बनवावीत म्हणून तांत्रिक पुस्तिकेत विद्युतमंडलांच्या आकृत्या, इतकेच काय, बायोस या संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीची संपूर्ण आज्ञावलीही छापून टाकली. बायोसवर स्वामित्वहक्क होताच, त्यामुळे त्याची नक्कल करणे बेकायदा ठरले असते. कॉम्पॅक या नव्या कंपनीने त्यावर तोड काढली. एका गटाने बायोस काय करतो याचे वर्णन लिहायचे, आणि मूळ आज्ञावली कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस रचायचा. १९८३ मध्ये त्यांचा सुसंगत संगणक विकला जाऊ लागला. १९८४ पासून फीनिक्स टेक्नॉलॉजीज असाच बायोस कोणालाही परवान्यावर देऊ लागली, आणि मग आयबीएमसारखा संगणक बनवणे ही कोणा एकाची मिरासदारी राहिली नाही.

दार उघडे राहिल्याचे आयबीएमच्या लक्षात आले तेव्हा तिने ते लावण्याचा प्रयत्न केला. १९८७ च्या पीएस/२ मालिकेत मायक्रो चॅनल नावाची नवी बस, म्हणजे कार्डांना यंत्राशी जोडणारा मार्ग, होती, जुन्या बसपेक्षा निःसंशय सरस. मात्र ती वापरायची तर आयबीएमचा परवाना घेऊन शुल्क भरावे लागणार होते. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि जुन्या कार्डांनाही सामावून घेणारी ईसा ही पर्यायी बस त्यांनी जाहीर केली. ईसा स्वतः फार पसरली नाही, पण मायक्रो चॅनलही चालली नाही. गंमत अशी की कीबोर्ड आणि माऊससाठीचे पीएस/२ मालिकेतले गोल जोड मात्र इतरांनी उचलले आणि पुढची कित्येक वर्षे साध्यासुध्या मदरबोर्डांच्या पाठीवर ते जांभळ्या-हिरव्या रंगांत दिसत राहिले. बंद यंत्राचे नाव अशा रीतीने उघड्या यंत्रांनी जिवंत ठेवले.

त्यानंतर १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण मांडले: मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, स्क्रूंची भोके अमुक ठिकाणी, मागचे जोड अमुक चौकटीत, एसएमपीएसचा आकार अमुक. ऐकायला अत्यंत रुक्ष. पण या रुक्ष मोजमापांमुळेच आज एका कंपनीचे कॅबिनेट, दुसरीचा मदरबोर्ड आणि तिसरीचा एसएमपीएस एकमेकांची ओळखदेख नसताना जुळतात. स्वतः संगणक जोडणारा माणूस फार मोठे काही करत नाही. त्याच्या आधी कोणीतरी मोजपट्टी घेऊन बसले होते, त्याचे फळ तो खातो. म्हणून ‘आपला हात जगन्नाथ’ हे या छंदातले आवडते सूत्र मला अर्धेच खरे वाटते. हात आपला असतो, पण त्याला काम देणारी प्रमाणे सार्वजनिक असतात, आणि ती टिकली तरच हाताला अर्थ.

ही प्रमाणे टिकल्याने काय साधते, ते प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीच्या एएम-४ सॉकेटवरून, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खोबणीवरून, नीट कळते. मार्च २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर या सॉकेटवर आले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच सॉकेटसाठी ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आला, जो खेळांमध्ये त्या वेळच्या अव्वल प्रोसेसरांच्या रांगेत होता. २०१७ चे बरेच मदरबोर्ड बायोस अद्ययावत केल्यावर तो स्वीकारतात. म्हणजे पाच वर्षांपूर्वी यंत्र जोडलेल्या माणसाने एक चिप काढली, उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब ठेवून दुसरी बसवली, आणि कॅबिनेट, एसएमपीएस, रॅम, डिस्क सगळे तसेच ठेवून जवळजवळ नवे यंत्र मिळवले. हेही खरे की ही सोय आपोआप मिळाली नाही. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केले होते की पुढचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या मदरबोर्डांवर चालणार नाहीत, कारण बायोसच्या चिपमध्ये जागा पुरत नाही. ग्राहकांनी ओरड केली आणि काही आठवड्यांतच निर्णय फिरला. उलट इंटेलने २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले, तेव्हा ११५१ पिनांचे सॉकेट दिसायला तेच असूनही मदरबोर्ड नवा घ्यावा लागला. सुट्या भागांचा बाजार म्हणजे साधुसंतांचा मेळा नव्हे, हे जोडणाऱ्यांनी विसरू नये. फरक एवढाच, की एका भागात अडवणूक झाली तर तिची झळ तेवढ्या भागापुरती राहते.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप जुना आहे: कान सोनारानेच टोचावेत. नाजूक यंत्राला ज्याचे त्यानेच हात लावावेत, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे, पण संगणक जोडणे सोनाराच्या कामाइतके नाजूक नाही. रॅमच्या पट्टीची खाच एकाच बाजूने बसते, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा असतो, वीजजोडांचे आकार असे की सहसा चुकीच्या जागी जातच नाहीत. अवघड असते ती धीर धरण्याची गोष्ट. डीडीआर-५ रॅमचे माझे पहिले यंत्र जोडून मी बटण दाबले, पंखे फिरले, पडदा मात्र काळाच. मदरबोर्डवर ‘डीरॅम’ या अक्षरांशेजारी एक पिवळा ठिपका जळत राहिला. मिनिटभर वाट पाहून मी वीज तोडली, पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, बटण दाबले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कंटाळून खोलीबाहेर गेलो आणि परत आलो तेव्हा पडद्यावर बायोस उभा होता. नवीन रॅमचे वेळमान मदरबोर्ड पहिल्यांदा स्वतः चाचपून ठरवतो आणि त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात. मी दर वेळी मध्येच वीज तोडून त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावत होतो. पुस्तिकेत ते लिहिलेले होते. वाचले कोणी?

ही झाली निरुपद्रवी चूक. उपद्रवी चुकाही होतात. २०२२ च्या शेवटी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डांचे वीजजोड वितळल्याच्या बातम्या आल्या. सोळा पिनांच्या त्या नव्या जोडातून ६०० वॉटपर्यंत वीज जाऊ शकते, आणि तो पुरता आत गेलेला नसेल तर त्याचे काही संपर्कबिंदू प्रमाणाबाहेर तापतात. कंपनीने जोड नीट न बसवणे हे मुख्य कारण सांगितले. जोडणाऱ्याचा दोष म्हणून विषय मिटवता आला असता. पण एका मिलिमीटरच्या चुकीने वितळणारा जोड हा आधी रचनेचा दोष असतो, आणि प्रमाण ठरवणाऱ्यांनाही ते पटले असावे, कारण सुधारित जोडात संकेताच्या पिना आखूड केल्या गेल्या, म्हणजे तो पुरता बसल्याशिवाय कार्डाला पूर्ण वीज मागताच येऊ नये. तक्रारी त्यानंतरही सगळ्या थांबल्या नाहीत. तरी दोष उघड्यावर असल्यामुळे त्याची चर्चा उघड्यावर झाली आणि दुरुस्ती सर्व उत्पादकांसाठी एकदम झाली, हे मला या पद्धतीचे बलस्थान वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला ठरीव उत्तर देऊन भागणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम-१ चिप आणली. तिच्यात प्रोसेसर, ग्राफिक्स आणि रॅम इतक्या जवळ बसवलेले आहेत की सर्वांनी एकाच रॅममधून काम करावे; त्यातून जी गती आणि जी वीजबचत साधली, ती सुटे भाग जोडून त्या वेळी तरी कोणाला साधता येत नव्हती. जवळजवळ आवाज न करणारी, तळहाताएवढी, दिवसभर चालूनही न तापणारी पेटी हवी असेल तर जोडणाऱ्याकडे आजही तोडीस तोड उत्तर नाही. आणि रॅम पक्की बसवण्यामागे दर वेळी लबाडीच असते असे मानणेही अज्ञानाचे ठरेल. दुरुस्तीयोग्य लॅपटॉपसाठी नावाजलेल्या फ्रेमवर्क कंपनीने २०२५ मध्ये डेस्कटॉप आणला, त्यातली रॅमसुद्धा मदरबोर्डवर पक्की आहे. एएमडीच्या ज्या चिपभोवती तो रचला आहे तिला २५६ बिट रुंदीच्या मार्गाने रॅमशी बोलावे लागते, आणि काढता-घालता येणाऱ्या पट्टीतून त्या वेगाचा संकेत स्वच्छ राहत नाही, असे कारण कंपनीने दिले. भौतिकशास्त्रापुढे हट्ट चालत नाही.

पण भौतिकशास्त्राच्या आड लपणे निराळे. त्याच फ्रेमवर्क डेस्कटॉपमध्ये साठवणीसाठी बाजारात मिळणारी एम.२ डिस्क बसते, मदरबोर्ड प्रचलित मिनी-आयटीएक्स मापाचा आहे, तो हवा त्या कॅबिनेटमध्ये जातो. जिथे पक्के करणे भाग होते तिथे पक्के केले, बाकीचे मोकळे सोडले. याउलट ॲपलच्या २०२४ च्या मॅक मिनीत साठवण सुट्या पट्टीवर आहे, ती काढताही येते, पण तिच्या जागी प्रचलित एम.२ डिस्क बसत नाही. साठवणीचे नियंत्रण मुख्य चिपमध्येच आहे म्हणून रचना वेगळी, हे स्पष्टीकरण खरे आहे. मात्र त्याच यंत्रात प्रचलित डिस्कसाठी एक जादा जागा ठेवायला या कारणाची आडकाठी नव्हती. २०२३ च्या मॅक प्रोमध्ये कार्डांसाठी खाचा आहेत, पण त्यांत ग्राफिक्स कार्ड चालत नाही आणि रॅम वाढवता येत नाही. एवढे मोठे कॅबिनेट घेऊन त्यात करायचे काय, हा प्रश्न घेणाऱ्यांनाही पडला असणार. प्रत्येक बंद भागाला ‘हे पक्के करणे भाग होते का’ असे विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आले की ती रचना तंत्राची राहिली नाही, धंद्याची झाली, असे समजावे.

वॉरंटीच्या आक्षेपावर फार शब्द खर्चावेत असे मला वाटत नाही. यंत्र बंद पडले तर एकाच ठिकाणी दूरध्वनी करता येतो आणि जबाबदारी झटकली जात नाही, ही तयार संगणकाची खरी सोय आहे. ज्याच्याकडे वेळ नाही, ज्याला या यंत्रात रस नाही, ज्या कार्यालयात दोनशे संगणक एकसारखे हवे आहेत, त्याने तयार घेणेच शहाणपणाचे. जोडलेल्या यंत्रात सात भागांच्या सात वॉरंट्या असतात आणि दोष कोणत्या भागात आहे हे आपणच शोधायचे असते. मात्र झाकण उघडले की वॉरंटी संपली, ही धमकी सगळीकडे कायद्याला धरून नसते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याच्या आधारे तिथल्या व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल ताकीद दिली होती. एवढे होऊनही वॉरंटीचा तो चकचकीत कागदी तुकडा स्क्रूवर चिकटलेला दिसला की भल्याभल्यांचा हात मागे येतो.

जोडणाऱ्यांच्या गटात एक आत्मसंतुष्टता असते, तिच्याबद्दल बोलणे अधिक गरजेचे आहे. आपण मोकळ्या बाजारातून भाग घेतो म्हणजे आपण कोणाचे बांधील नाही, असा समज तिथे रूढ आहे. प्रत्यक्षात रॅमच्या चिपांचे बहुतांश उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हाती आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्यावर २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले, आणि त्याच डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशियल या नावाने सामान्य ग्राहकाला विकला जाणारा आपला व्यवसाय आवरण्याचे जाहीर केले. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये ईव्हीजीए या कंपनीने ग्राफिक्स कार्डांतून अंग काढून घेतले होते. प्रमाणे कितीही मोकळी असोत, त्या मापाचा भाग विकणाराच उरला नाही तर त्या मोकळेपणाला विचारतो कोण? स्वतः जोडण्याच्या प्रथेला तयार संगणकांपासून जेवढा धोका आहे, त्याहून मोठा धोका मला भागांचा बाजार आटण्यात दिसतो, आणि तो वैयक्तिक चोखंदळपणाने टळणारा नाही.

म्हणून सर्वांनी संगणक जोडावेत असा प्रचार करण्यात मला रस नाही. मोठी खरेदी करणाऱ्यांनी, म्हणजे शाळांनी, विद्यापीठांनी, सरकारी कार्यालयांनी, तयार संगणक घेतानाच प्रमाणित भागांची अट घालावी, यात आहे. एसएमपीएस प्रकाशित प्रमाणाचा असावा, रॅम आणि डिस्क खाचेत बसणाऱ्या असाव्यात, जिथे पक्के करणे भाग आहे तिथे कारण लेखी द्यावे: निविदेच्या कागदावर तीन ओळी पुरतात. हजारो यंत्रांची मागणी नोंदवणाऱ्या खरेदीदाराचे कंपनीला ऐकावे लागते, एकट्या ग्राहकाचे ऐकण्याचे तिला कारण नसते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. त्यात डेस्कटॉपचा वाटा लहान असला, तरी एका भागापायी सगळे यंत्र टाकण्याची रीत तिथेही शिरली आहे.

खरेदीपूर्वी ग्राहकाला हे कळावे याची एक पद्धत फ्रान्सने घालून दिली आहे. जानेवारी २०२१ पासून तिथे काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त करता येतात याचे दहापैकी गुण छापावे लागतात. सुट्या भागांची उपलब्धता आणि त्यांची किंमतही या गुणांत मोजली जाते. पहिल्या यादीत लॅपटॉप होते, मोबाइल फोन होते, गवत कापण्याची यंत्रेसुद्धा होती, डेस्कटॉप नव्हते. डेस्कटॉपचे झाकण तर उघडतेच, त्याला गुण कशाला द्यायचे, असे कोणाला वाटले असेल तर त्यात नवल नाही. माझ्या त्या बंद पडलेल्या यंत्राचे झाकणही दोन स्क्रू काढताच निघाले होते.